पुढचं की मागचं?

रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानासमोर आपला नंबर आला, की सत्तूर हातात धरूनच तो विचारतो, “पुढचं देऊ की मागचं?” मागे वीस माणसं पिशव्या घेऊन उभी असतात. आपण गडबडतो आणि “मिक्स द्या” म्हणून मोकळे होतो. त्या दोन शब्दांत आपण खरेदीचा सगळा निर्णय समोरच्याच्या हाती दिलेला असतो.

माझे वडील शाळामास्तर. या प्रश्नाला त्यांनी एका शब्दात उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. “चाचा, आज रस्सा करायचाय. घरात पोरं आहेत, नळ्या चार टाका. बाकी खांद्याचं आणि थोडं मानेचं. सीन्याचे दोन तुकडे चरबीसकट.” चाचा म्हणायचे, “बसा मास्तर, पुढचं बकरं उतरतंय, त्यातलं देतो.” आम्ही बाकावर बसायचो. मान आणि खांदा म्हणजे स्वस्तातलं असणार आणि वडील काटकसर करत असणार, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. मोठेपणी स्वतः पैसे मोजायला लागलो तेव्हा कळलं, की मानेचा आणि मांडीचा भाव एकच होता. वडिलांनी पैसे वाचवले नव्हते. त्याच पैशात त्या दिवशीच्या रश्श्याला लागणारं मटण त्यांनी मिळवलं होतं.

आपल्याकडच्या मटणबाजाराचं हे मोठं वैशिष्ट्य आहे आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. युरोप-अमेरिकेतल्या खाटकाकडे स्टेक घ्यायला गेलात, तर एकाच जनावराच्या वेगवेगळ्या भागांचे भाव वेगवेगळे असतात. पाठीच्या कण्याखालची मऊ पट्टी सगळ्यांत महाग, पोटरी तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. तिथे स्वस्तात चांगलं खायचं तर कमी भावाचे पण चवदार भाग माहीत असावे लागतात. आपल्याकडे बोकडाचा भाव किलोवर ठरतो आणि मान, खांदा, चाप, मांडी, सीना सगळं त्याच भावात तोललं जातं. वेगळा भाव असतो तो बोनलेस, खिमा, कलेजी यांना, आणि मुंडी, पाये, वजडी हे नगावर जातात. पुण्या-मुंबईत किलोचा दर ७०० रुपयांच्या पुढे गेला आहे. तो घासाघीस करून पाच-दहा रुपयांनी उतरेल, जास्त नाही. पण त्याच दरात काट्यावर काय पडेल हे ठरवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि मटण ‘परवडणं’ म्हणजे मला तरी हेच वाटतं.

स्टेकचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. स्टेक म्हणजे मोठ्या जनावराच्या स्नायूचा धाग्यांना आडवा कापलेला जाड काप. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गायीप्रमाणे बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे मुंबईत स्टेकसाठी मिळतो तो म्हशी-रेड्याचा तुकडा. त्यातल्या कण्याखालच्या मऊ पट्टीला मुंबईचे दुकानदार आणि गोव्याकडची घरं ‘अंडरकट’ म्हणतात. बोकडालाही ती पट्टी असते, पण बोटाएवढी बारीक. तिचा वेगळा तुकडा करून विकावा इतकी ती भरत नाही. कण्याच्या वरच्या बाजूचा लांब स्नायू मात्र आपण आवडीने खातो. चाप उचलली, की बरगडीच्या बुडाशी जो गोल, मऊ गोळा असतो, तो हाच. मोठ्या जनावरात ज्याचा उत्तम स्टेक होतो, तोच स्नायू बोकडात चापेला चिकटून आपल्या ताटात येतो.

हा गोळा मऊ का असतो? बोकड चालतं, चढतं, झाडाची फांदी खायला मागच्या पायांवर उभं राहतं, दिवसभर मान खालीवर करतं. जे स्नायू ही कामं करतात त्यांच्यात कोलॅजन नावाचं चिवट जोडऊतक जास्त असतं. पाठीचा स्नायू त्या मानाने आरामात असतो. म्हणून चाप तव्यावर किंवा निखाऱ्यावर थोड्या वेळात होते, आणि मान तितक्याच वेळात भाजली तर दातांखाली रबरासारखी लागते. पण हेच कोलॅजन पाण्यात मंद आचेवर, ७० अंश सेल्सियसच्या पुढे, तास-दोन तास राहिलं की विरघळून जिलेटिन होतं. रश्श्याला येणारा दाटपणा, जेवताना ओठांना आणि बोटांना लागणारा चिकटपणा त्यातूनच येतो. कोल्हापूरचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचा पाया आहे हाडांसकट उकळलेल्या मटणाची आळणी. नुसत्या मांडीच्या बोनलेसवर ती आळणी केली तर पातळ आणि पोकळ लागते.

तेव्हा प्रश्न ‘कुठला भाग चांगला’ असा नसतोच. घरी आज काय शिजणार आहे, हे आधी ठरलेलं असावं. रस्सा असेल तर मान, खांदा, नळ्या, थोडा सीना. सुक्क्यासाठी मांडी आणि पुढच्या पायाचं मिसळ घ्यावं, कारण नुसती मांडी कोरडी पडते. बिर्याणीला हाडासकट मोठे तुकडे लागतात आणि ते कापायच्या आधी सांगावं लागतं. एकदा सत्तूर चालला, की मागे फिरता येत नाही. खिम्यासाठी खांद्याचं मांस थोड्या चरबीसकट समोर कापून घ्यावं. आधीच कुटून ठेवलेला खिमा कुठल्या भागाचा आणि कालचा की आजचा, हे कळायला काहीच मार्ग नसतो. चाप हवी असेल तर लवकर जावं लागतं. बोकडाला बरगड्यांच्या तेरा जोड्या. त्यातल्या चांगल्या चापा पहिल्या पाच-सहा गिऱ्हाइकांतच संपतात.

मागच्या मांडीची मागणी शहरात सगळ्यांत जास्त आहे. ती मांसल दिसते, हाड कमी वाटतं. सोललेल्या बोकडाच्या वजनात दोन्ही मांड्या मिळून जवळपास तिसरा हिस्सा भरतात. उरलेले दोन हिस्से दुकानदाराला खपवायचेच असतात. ‘मिक्स’मध्ये काय जास्त येतं, ते यावरून लक्षात यावं. यात फसवणूक नाही. ज्याने स्वतः काही सांगितलं नाही, त्याला उरलेलं मिळतं. पण पुढचंच हवं, असं समजून-उमजून मागणारं गिऱ्हाईक दुकानदाराला मनापासून आवडतं. माझ्या अनुभवात अशा माणसाला नळी आणि गुर्दा न मागता मिळतो.

आता जनावराबद्दल. आपण ज्याला मटण म्हणतो ते बहुतेक शेळीवर्गातलं, पण पश्चिम महाराष्ट्रात मेंढीचं मांसही भरपूर खाल्लं जातं, आणि धनगरांच्या दख्खनी आणि जत भागातल्या माडग्याळ मेंढ्यांना चव नाही असं कोण म्हणेल? अडचण येते ती एक सांगून दुसरं दिलं जातं तेव्हा. टांगलेल्या धडाकडे नीट पाहिलं तर बरंच कळतं. चोख दुकानदार शेपटीच्या टोकाला थोडे केस ठेवतो. ते सरळ केस आहेत की लोकर, हे पाहावं. नर असल्याची खूण म्हणून कपुरे, म्हणजे वृषण, धडालाच ठेवलेले असतात. मेंढीच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. शेळीवर्गात तो थर अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक, आणि चरबी साठते ती आत, गुर्द्यांभोवती. गुर्द्याभोवतीची चरबी पांढरी, घट्ट आणि बेताची असेल तर जनावर नीट पोसलेलं होतं असं समजावं. ती अजिबात नसेल तर हाडंच जास्त पदरात पडणार.

वय ओळखायला वडिलांनी मला मुंडी बघायला शिकवलं. ओट्यावर मुंड्या मांडलेल्या असतात, त्यांचे ओठ किंचित वर केले की खालचे पुढचे दात दिसतात. वरच्या जबड्याला पुढे दात नसतातच, तिथे नुसती कडक हिरडी असते. खाली आठ बारीक दुधाचे दात असतील तर जनावर साधारण वर्षाच्या आतलं. बाजारात त्याला ‘अदंत’ म्हणतात. वर्ष-दीड वर्षाला मधले दोन दात पडून मोठे येतात, तो ‘दोन दाती’. दोन वर्षांच्या सुमारास चार दाती, पुढे सहा, आणि साडेतीन-चार वर्षांनी आठही पक्के. अदंत मऊ आणि सौम्य, पण मला स्वतःला दोन दाती बोकडाचं मटण सगळ्यांत चवदार वाटतं. अदंताच्या रश्श्याला तेवढा जोर येत नाही. आठ दातीचं कोलॅजन वयानुसार एकमेकांत घट्ट गुंफलेलं असतं. ते शिजायला गॅस आणि धीर दोन्ही भरपूर लागतात.

बोकड वयात आलेलं आणि खच्ची न केलेलं असेल तर त्याच्या मांसाला एक उग्र वास येतो. काही जण त्यालाच ‘बोकडाचा वास’ म्हणून सगळ्या मटणावर फुली मारतात. तो वास चरबीतल्या काही विशिष्ट आम्लांचा असतो आणि खच्ची बोकडात किंवा कोवळ्या जनावरात तो जवळपास नसतो. पाटीचं, म्हणजे तरुण मादीचं मटणही मऊ असतं. ते पाटीचं म्हणून सांगून, त्या भावाने विकलं तर माझी काही तक्रार नाही. जातीही थोड्या ठाऊक असाव्यात. धाराशिव-लातूरकडची काळीभोर उस्मानाबादी, नगर-नाशिकची संगमनेरी, विदर्भातली बेरारी, सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ या महाराष्ट्राच्या आपल्या शेळ्या. शहरात मात्र बाहेरच्या राज्यांतूनही जनावरं येतात. मुंबईत ती देवनारच्या पालिकेच्या कत्तलखान्यात उतरतात. तो १९७१ पासून चालू आहे. त्याआधी हे काम वांद्र्याला चालायचं. पालिकेच्या कत्तलखान्यात कापण्याआधी जनावर आणि कापल्यानंतर मांस, असं दोनदा पशुवैद्यकाने तपासायचं असतं, आणि पास झालेल्या धडावर शाईचा शिक्का मारतात. दुकानात गेल्यावर मी तो शिक्का आधी शोधतो. कलेजीकडेही पाहून घेतो. ती तपकिरी-लाल, गुळगुळीत, चकचकीत असावी. तिच्यावर पांढरे कडक चट्टे किंवा रेघा दिसल्या तर यकृतात चपट्या कृमींचा त्रास असू शकतो, आणि ते दुकान त्या दिवशी सोडावं.

आता ताजेपणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे आपल्या समजुती अर्ध्या बरोबर आहेत.

‘गरम मटण चांगलं’ ही आपली जुनी धारणा. सकाळी कापलेलं, अजून वाफाळतं मटण तासा-दोन तासांत चुलीवर चढलं तर ते खरंच मऊ होतं. जनावर मेल्यावरही स्नायूत काही काळ ऊर्जा शिल्लक असते, तोवर त्याचे धागे सैल असतात. ती ऊर्जा संपली की धाग्यांतली दोन प्रथिनं एकमेकांत अडकून बसतात आणि मांस ताठर होतं. याच काळात स्नायूतल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल बनून मांसाचा सामू ७ च्या आसपासून ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. पुढे मांसातलीच विकरं हळूहळू ते धागे तोडतात आणि मांस पुन्हा मऊ पडतं. म्हणजे मऊपणा दोनदा येतो, एकदा अगदी सुरुवातीला आणि एकदा दिवसभरानंतर. अडचण मधल्या वेळेची आहे. शहरात आपण सकाळी आठला मटण आणतो, लगेच फ्रीजमध्ये टाकतो आणि दुपारी बाराला कुकरला लावतो. ती नेमकी ताठर होण्याची वेळ.

त्यात फ्रीज आणखी एक घोटाळा करतो. मांस ताठर व्हायच्या आधीच ते फार वेगाने थंड केलं, तर स्नायू आक्रसतात आणि कायमचे चिवट राहतात. न्यूझीलंडच्या संशोधकांनी १९६३ साली हे प्रयोगाने दाखवून दिलं. त्या देशाचा मोठा व्यापारच गोठवलेल्या मांसाचा, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. शेळीच्या अंगावर चरबीचं पांघरूण पातळ असल्यामुळे तिचं मांस झटकन थंड होतं आणि हा धोका तिला जास्त. मी काय करतो ते सांगतो. त्याच दिवशी खायचं असेल तर मटण आणून धुऊन, मीठ-हळद-आलं-लसूण लावून फ्रीजबाहेरच ठेवतो आणि तासाभरात शिजायला टाकतो. उन्हाळ्यात तर तेवढाही उशीर करत नाही. रविवारी खायचं असेल आणि शनिवारी संध्याकाळी दुकानात सकाळी कापलेलं, झाकून टांगलेलं मटण मिळत असेल, तर ते आणून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतो. ते सकाळच्या ‘गरम’ मटणापेक्षा हमखास लवकर शिजतं. हे मी कितीतरी जणांना सांगितलं. ज्यांनी करून पाहिलं त्यांनी रविवारची रांग सोडली. कच्च्या पपईचा गर लावणाऱ्यांनी हात आखडता ठेवावा. तिच्यातलं विकर फार जोरकस आहे, जास्त वेळ राहिलं तर वरचं मांस पिठूळ होतं आणि आतलं तसंच राहतं.

बाजाराचे वारही समजून घ्यायला हवेत. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं पुष्कळ, त्यामुळे सगळी गर्दी रविवारी, मग बुधवारी आणि शुक्रवारी. आषाढी अमावास्येच्या आधीचे दिवस आणि धुळवड, या वेळी दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवशी पसंतीचा भाग मागणं म्हणजे मागच्या वीस जणांचा राग ओढवून घेणं. मंगळवारी सकाळी जा. त्या दिवशी एखादंच बोकड उतरलेलं असतं, गिऱ्हाईक तुरळक असतं, आणि खाटीक तुमच्यासमोर सांधा कसा सोडवतात तेही दाखवतो. दुकानदार जोडावा तो अशाच वारी. मुंबईत १८६९ साली उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, किंवा पुण्याच्या कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात अनेक दुकानं शेजारी-शेजारी आहेत. आधी एक चक्कर मारून धडं बघावीत, कुणाचा ओंडका खरवडून स्वच्छ केलाय, कुणाकडे माशा घोंघावतायत हे बघावं, मग थांबावं. गल्लीतल्या एकट्या दुकानात ही सोय नाही, पण तिथे ओळख लवकर जुळते.

दराचा प्रश्न आपल्याकडे किती जिव्हाळ्याचा आहे, ते कोल्हापूरने २०१९ च्या अखेरीस दाखवलं. मटणाचा दर वाढला म्हणून तिथले लोक रस्त्यावर उतरले, कृती समिती झाली, बैठका झाल्या, काही दिवस दुकानं बंद राहिली. बाहेरच्यांना त्याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं. जिथे आठवड्याचा एक दिवस तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी राखलेला असतो, तिथे हा घरखर्चाचा सरळ प्रश्न आहे. आणि दुकानदाराचीही बाजू आहे. २४ किलोचं जिवंत बोकड घेतलं तर सोलून, साफ करून हाती ११-१२ किलो मटण येतं. म्हणजे जिवंत जनावराचा किलोचा जो भाव त्याने मोजला, मटणाचा भाव त्याच्या दुप्पट झाला तरी त्याची फक्त खरेदी निघते. वर कातडं, मुंडी, पाये, वजडी यांचे पैसे येतात. कातड्याचा भाव पडला, की ती तूट मटणाच्या दरात शिरते.

यातूनच खऱ्या स्वस्ताईची एक वाट निघते, ती म्हणजे मुंडी, पाये आणि वजडी. चार पायांचं सूप रात्रभर मंद आचेवर ठेवलं, की सकाळी त्यात जिलेटिन इतकं उतरलेलं असतं, की गार झाल्यावर भांड्यात ते थरथरतं. मुंडी दुकानदाराकडूनच जाळून, साफ करून, फोडून घ्यावी. जीभ आणि गालाचं मांस हे बोकडातल्या सगळ्यांत चवदार मांसापैकी आहे, असं मी ठामपणे म्हणेन. वजडीला मेहनत लागते. उकळत्या पाण्यात बुचकळून, सुरीने खरवडून, पाच-सहा पाण्यांतून ती काढावी लागते. माझी आजी चुना लावून साफ करायची. एवढं केल्यावर तिचं सुकं जे होतं, त्यासाठी आमच्या घरी भावंडांत भांडणं व्हायची.

दुसरी वाट गावाकडची आहे आणि शहरात ती विसरली गेली. गावात चार-सहा घरं मिळून एक बकरं घेतात आणि त्याचे वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात मान, मांडी, सीना, कलेजी, थोडी वजडी, सगळं सारखं येतं. आमच्या सोसायटीत आम्ही पाच घरं गेली काही वर्षं हे करतो. ओळखीच्या खाटकाला आठवडाभर आधी सांगून ठेवतो. तो बाजारातून दोन दाती बोकड निवडतो, कधी आमच्यातला एखादा त्याच्याबरोबर चाकणच्या बाजाराला जातो. परवानगीच्या जागी ते कापून, तपासून घेतो आणि जिवंत वजनावरचा भाव अधिक त्याची मजुरी, असा सरळ हिशोब होतो. दरवेळी किलोमागे थोडे पैसे वाचतात, ते पाच घरांत वाटले की फार नाहीत. पण जनावर डोळ्यांसमोर निवडलेलं असतं आणि चाप वाट्यावाट्यात समान येते.

वाटे घालताना पाच डबे ओट्यावर ओळीने ठेवतात आणि खाटीक एकेक भाग पाचही डब्यांत टाकत जातो. मागच्या खेपेला शेजारच्या काकूंची दहा वर्षांची नात पहिल्यांदाच आली होती. सगळं संपल्यावर तिने मुंडीचा ओठ बोटाने वर केला, दात मोजले आणि खाटकाला म्हणाली, “काका, हे दोन दाती आहे ना?” त्याने सुरा खाली ठेवला, बाजूला काढून ठेवलेली एक नळी उचलली आणि तिच्या घरच्या डब्यात टाकली.